बोर्नहोमच्या दक्षिणेला पाच मैल

जहाजावर माझ्यासारख्या सेकंड ऑफिसरच्या वाट्याला रात्री आणि दुपारी बारा ते चारची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी येते, आणि सफरीचा आराखडाही त्यालाच करावा लागतो. 26 सप्टेंबर 2022 च्या संध्याकाळी आम्ही पोलंडमधील ग्दान्स्कच्या धक्क्याला होतो. जर्मनीतील कील कालव्यापर्यंतच्या आराखड्यावर कॅप्टनची सही झाल्यानंतर नॅव्हटेक्सचा, म्हणजे जहाजांना रेडिओवरून सागरी इशारे देणाऱ्या यंत्रणेचा कागद हाती आला. डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटाच्या आग्नेयेला समुद्रतळावरील वाहिनीतून वायू गळत असून त्या बिंदूभोवती पाच सागरी मैलांपर्यंत जहाजांना मनाई आहे, असा तो इशारा होता. आमची मार्गरेषा त्या वर्तुळातूनच जात होती.

ईसीडीआयएसवर, म्हणजे संगणकावरच्या सागरी नकाशावर, वर्तुळ काढणे दोन मिनिटांचे काम आहे. वळणबिंदू दक्षिणेला सरकवले की मात्र प्रत्येक टप्प्याची खोली आणि दोन्ही बाजूंचे अंतर नव्याने तपासावे लागते. हे ज्यांनी कधी केलेले नाही, त्या किनाऱ्यावरच्या ऑफिसने एवढेच विचारले की पोहोचायला किती उशीर होईल. बुडबुड्यांमुळे पाण्याची घनता घटते आणि तेच पाणी जहाजाला पुरेसे उचलून धरत नाही, हे त्यांना लिहून कळवावे लागले.

ती वाहिनी म्हणजे नॉर्ड स्ट्रीम 2. रशियातून जर्मनीला जाणाऱ्या या वाहिनीला पोलंड आणि युक्रेनचा विरोध होता, अमेरिकी निर्बंधांमुळे 2019 च्या डिसेंबरात नळ टाकणारे जहाज काम अर्धवट सोडून गेले, आणि 2021 मध्ये ती बांधून पूर्ण झाल्यावरही 22 फेब्रुवारी 2022 रोजी जर्मनीने मंजुरीची प्रक्रियाच थांबवली. एकाही ग्राहकाला तिने वायू पुरवला नव्हता, तरी ती वायूने भरून ठेवलेली होती. माझ्या नकाशावर मात्र ती इतकी वर्षे जांभळट तुटक रेषा होती, आणि तिचा मला एकच अर्थ ठाऊक होता: येथे नांगर टाकू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर बुडवलेल्या रासायनिक शस्त्रांमुळे बोर्नहोमच्या पूर्वेलाही तशाच सूचना आहेत, त्यामुळे आणखी एका मनाईकडे कोणी निरखून पाहत नाही.

27 तारखेला दुपारी माझ्याच वॉचमध्ये आम्ही वर्तुळाच्या दक्षिणेकडून गेलो. दुर्बिणीतून उत्तरेला काहीही दिसले नाही. लुकआउटवरच्या, म्हणजे समुद्रावर नजर ठेवणाऱ्या, दापोलीच्या खलाशाने विचारले, "सेकंड साहेब, एवढा गॅस सुटलाय तर वास कसा नाही?" घरच्या सिलिंडरमधला वास मुद्दाम मिसळलेला असतो आणि मिथेनला स्वतःचा गंध नसतो, हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता. त्याच दिवशी फुटलेल्या नॉर्ड स्ट्रीम 1 सह सगळ्या गळत्यांमधून मिळून सुमारे 4 लाख 65 हजार टन मिथेन हवेत गेल्याचा अंदाज 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या स्फोटांमुळे या गळत्या झाल्या, त्यांचा आपापला तपास स्वीडन आणि डेन्मार्क यांनी 2024 च्या फेब्रुवारीत बंद केला होता.

पहिला स्फोट 26 तारखेच्या रात्री 2 वाजून 3 मिनिटांनी भूकंपमापकांवर नोंदला गेला, हे मला पुढे वाचनात आले. त्या वेळीही वॉच माझीच होती, शंभराहून अधिक मैलांवर, धक्क्याला. लॉगबुकातली माझ्या हातची दोन वाजताची नोंद आहे: "दोर तपासले. सर्व ठीक."