फक्कीच्या रेषा

आमच्या शाळेला स्वतःचे मैदान नव्हते. दादरमधल्या बऱ्याच शाळांची तीच गत होती. मधल्या सुट्टीत धावायला इमारतीमागचे फरसबंद अंगण आणि वर्षातून एकदा, डिसेंबरात, शिवाजी पार्क. वार्षिक क्रीडादिनाची तारीख सहा डिसेंबर उलटून गेल्यावरच धरली जाई, कारण महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीकडे येणाऱ्या लाखो अनुयायांचा मुक्काम पार्कवर असे आणि मांडव, पुस्तकांची दुकाने, पाण्याचे टँकर हटून मैदान मोकळे व्हायला पुढचे काही दिवस लागत. माझ्याकडच्या पहिल्या दोन-तीन मराठी पुस्तकांची खरेदी त्याच दुकानांतली आहे, आणि क्रीडादिनाच्या सरावाला गेलो असताना कापडी छताचे उरलेले बांबू अजून उभे दिसत, हेही लक्षात आहे.

मी १९७४ ते १९८४ या काळात त्या शाळेत होतो. क्रीडादिनाच्या दिवशी पहाटे साडेपाचला पीटीचे सर, दोन शिपाई आणि नववी-दहावीतली निवडक मुले मैदानावर हजर असत. सुतळी ताणायची, दोन्ही टोकांना खिळे ठोकायचे आणि पत्र्याच्या डब्याच्या तळाला भोके पाडून त्यातून फक्की सांडत सुतळीच्या कडेने उलटे चालत जायचे, अशी ती पद्धत. उलटे चालणारा मुलगा मध्येच अडखळला की रेषेला पोट सुटे, आणि मग सर त्या जागेवर चप्पल घासून फक्की पुसत व पुन्हा आखायला लावत. नववीत हे काम माझ्याकडे आले, तेव्हा चारशे मीटरचा मार्ग आम्ही असा काही आखला की आतल्या आणि बाहेरच्या मार्गिकांतला फरक कोणालाच जुळेना. अखेर सरांनी चारशे मीटरची शर्यत रद्द केली आणि तिच्या जागी तीन पायांची शर्यत दोनदा घेतली. त्या वर्षीच्या विजेत्यांच्या यादीत ती दोनदा का आहे, हे कोणी विचारलेले मला आठवत नाही.

मैदान सुमारे अठ्ठावीस एकरांचे असले तरी त्या सकाळी ते आमचे एकट्याचे कधीच नसे. एका खेळपट्टीच्या मिडविकेटला दुसऱ्या सामन्याचा थर्ड मॅन उभा असायचा, आणि दोघांच्या मधून आमचा रिले धावायचा. कुठून तरी ‘ए, बॉल!’ अशी आरोळी येई, चेंडू टप्पे खात फक्की ओलांडून आमच्या लिंबू-चमच्याच्या रांगेत शिरे, आणि तो परत फेकण्याचा मान मिळावा म्हणून लहान वर्गातली मुले रांग मोडत. पलीकडे कोपऱ्यात क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांच्या मुलांचे नेट चाललेले असे. पुढे सचिन तेंडुलकर याच मैदानावर घडला, पण तेव्हा आम्हाला त्याचे काय कौतुक असणार, आमच्या दृष्टीने ती फक्त न बोलणारी, पांढऱ्या कपड्यांतली आणि आमच्यापेक्षा फार लवकर उठणारी मुले होती.

या मैदानाचे वय आम्हाला मुख्याध्यापकांच्या भाषणातून दरवर्षी नव्याने कळायचे. १९२५ मध्ये पालिकेने ते माहीम पार्क या नावाने खुले केले आणि १९२७ मध्ये, शिवजन्माच्या तेव्हा मानल्या जाणाऱ्या त्रिशताब्दीनिमित्त, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले, एवढे वाक्य आम्हा सर्वांना तोंडपाठ होते. अश्वारूढ पुतळ्यातल्या महाराजांच्या हाती तलवार का नाही, हात नुसता पुढे का केलेला आहे, या प्रश्नावर मात्र प्रत्येक शिक्षकाचे उत्तर वेगळे असे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथे गाजल्या, हे सांगताना आमच्या मराठीच्या बाई थांबायच्या आणि कट्ट्याकडे बोट दाखवून ‘मी तिथे बसले होते’ म्हणायच्या. इतिहासाच्या पुस्तकातले काही तरी बाईंनी स्वतः पाहिले आहे, याचे नवल आम्हाला सभेपेक्षाही जास्त वाटे.

दुपारच्या सत्रात मल्लखांब असे. मैदानाच्याच कडेला, मैदानाइतकेच जुने, १९२५ मध्ये स्थापन झालेले समर्थ व्यायाम मंदिर असल्यामुळे आमच्या शाळेतली दहा-बारा मुले तिथे संध्याकाळी जात आणि क्रीडादिनाला पुरलेल्या मल्लखांबावर शाळेची इभ्रत राखत. खांबाला चोळलेल्या एरंडेलाचा वास आणि तळहाताला लावायच्या राळेची पूड, या दोन गोष्टी आजही कुठे आढळल्या तर मला डिसेंबरातले ऊन आठवते. त्याच मैदानावर २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली. आमच्या वर्गातले, आता गुडघ्यांना पट्टे बांधणारे दोन जुने मल्लखांबपटू ती पाहायला गेले आणि परदेशी मुलांची दसरंग ही मल्लखांबावरची कसरत पाहून आल्यावर आठवडाभर दुसरे काही बोलले नाहीत.

मैदान बदलले म्हणजे नेमके काय बदलले, याचा विचार करताना मला आधी आवाज आठवतो. आमच्या वेळी कर्ण्यांना धरबंध नव्हता. १९६६ पासून दसरा मेळाव्याची गर्जना दूरच्या चाळींपर्यंत पोचत असे, आणि आमच्या क्रीडादिनाचा कर्णाही आपल्या परीने कमी नव्हता. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. भोवतालच्या रहिवाशांचे, विशेषतः वृद्धांचे, हाल मी पाहिलेले असल्यामुळे मला तो निर्णय योग्यच वाटतो. शाळेने मात्र काही काळ कपाळाला हात लावला होता: ध्वनिक्षेपकाशिवाय सातशे मुलांची लेझीम कशी करून घ्यायची? ती शेवटी हलगी आणि शिट्टी यांवर झाली, आणि ज्यांनी ती पाहिली त्यांच्या मते अधिक शिस्तीत झाली. १९८२ च्या क्रीडादिनी भर लेझमीत आमचा कर्णा बंद पडला होता तेव्हाही सरांनी शिट्टीवरच शेवटपर्यंत नेले होते, पण तेव्हा त्याला आम्ही फजिती म्हटले.

दुसरा बदल पायाखालचा. आमचे मैदान राखाडी, तुडवलेले, उन्हाळ्यात भेगाळलेले आणि जागोजागी गवताचे ठिगळ असलेले होते; नंतर पालिकेने त्यावर लाल माती पसरली, आणि वारा सुटला की ती भोवतालच्या खिडक्यांतून घराघरांत जाऊ लागली. गवत लावणे, पाणी फवारणे, पावसाचे पाणी जिरवण्याची व्यवस्था करणे, असे उपाय झाले. रहिवाशांच्या तक्रारी तरीही दरवर्षी हिवाळ्यात वर्तमानपत्रात दिसतात. मैदानाभोवतीच्या तीस-चाळीसच्या दशकांतल्या, गोल सज्जांच्या तीन-चार मजली इमारतींपैकी कितीतरी पाडून तिथे उंच मनोरे उभे राहिले, त्यामुळे पूर्वी क्रीडादिन सज्जातून पाहणाऱ्या आज्या-आजोबांची रांग आता दिसत नाही. नवे रहिवासी फार वरून पाहत असतील, तर खालून ते कळायला मार्ग नाही.

कट्टा तेवढा शिल्लक आहे. एक किलोमीटरहून थोडी अधिक लांबी भरणारी ही बसकी भिंत आम्हा माजी विद्यार्थ्यांची आजची शाळा आहे. १९८४ च्या तुकडीतले आम्ही पंधरा-वीस जण गेली अनेक वर्षे क्रीडादिनाच्या सकाळी तिथे जमतो, मुले संचलन करत गेली की टाळ्या वाजवतो, आणि नंतर पीयूष प्यायला जातो. पूर्वी फक्की आम्ही टाकायचो. आता चाकांच्या यंत्राने शिपाई ती टाकतो आणि रेषेला पोट सुटत नाही. लाल मातीवर ती पांढरी रेषा राखाडी मातीवर दिसे त्याहून कितीतरी उठून दिसते, हे मात्र मान्य करायला हवे.

यंदाच्या भेटीचा निरोप आला तेव्हा त्यात ‘गेट क्रमांक पाच, आचरेकर सरांच्या स्मारकाजवळ’ असे लिहिले होते. अर्ध्या तासात सात जणांनी विचारले की पाच क्रमांकाचे गेट कोणते. मग निरोप पाठवणाऱ्याने तो बदलून लिहिला: ‘उद्यान गणेश मंदिराकडून नाही, आपण फक्कीचे डबे ठेवायचो त्या बाजूने या,’ आणि त्यावर कोणीच काही विचारले नाही.