तुम्ही विचारलंत म्हणून: चिनीच का?
घरी कोणीही आलं की भिंतीवरच्या जुन्या चिनी पोस्टर्सकडे बघून तोच प्रश्न, चिनीच का हो, आपल्या मळवलीच्या रविवर्मा प्रेसची चित्रं काय वाईट होती? २०२० ला गलवान झालं आणि प्रश्नाला धारच आली. एकदाच लिहून टाकतो.

मी जमवतो ती शांघायची युएफेनपाई, म्हणजे सिगरेट, साबण, पावडरवाले नवीन वर्षाला गिऱ्हाइकांना फुकट वाटायचे ती कॅलेंडर पोस्टर्स, साधारण १९१० ते ४० मधली. आणि चिनी मालावरच्या बहिष्काराचं मला सांगूच नका, कारण यातली कितीतरी ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोची आहेत आणि नानयांग ब्रदर्स ही चिनी कंपनी तेव्हा लोकांना सांगत होती की चिनी माणसानं चिनीच सिगरेट ओढावी, आता बोला. रविवर्मा प्रेसचं म्हणाल तर लक्ष्मीच्या चित्रावर मला घासाघीस करवत नाही. इथे देव नाहीत, केस कुरळे केलेल्या, चिपाओ, म्हणजे अंगासरशी बसणारा चिनी झगा, घातलेल्या बायका आहेत. त्यातला एक चित्रकार झेंग मानतुओ आधी कोळशाची पूड घासून सावल्या काढायचा आणि वरून जलरंग द्यायचा, म्हणून गालाला रेघ शोधून सापडत नाही. चित्रासाठी जमवतो, किमतीसाठी नाही, असं मी सगळ्यांना ऐकवायचो.

मग ते हातामेन सिगरेटचं पोस्टर. २०१४, हाँगकाँग, कॅट स्ट्रीट, तिथला जुन्या वस्तूंचा बाजार. वरखाली पत्र्याच्या पट्ट्या, कागद छान पिवळा, दुकानदार म्हणाला हांग झियिंग या चित्रकाराचं आहे. २,४०० हाँगकाँग डॉलर मोजले, विमानात पोस्टरची नळी मांडीवर घेऊन बसलो, बायको म्हणाली बाळ आणलंय जणू. चार वर्षं हॉलमध्ये होतं. मग भाचा आला, तो ऑफसेट प्रेसमध्ये कामाला. त्यानं भिंग लावलं, बराच वेळ काही बोलला नाही, मग हळूच म्हणाला, मामा, हे आमच्या मशीनसारखं काम आहे, चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसतायत बघ. लिथोत, म्हणजे जुन्या दगडी छपाईत, ठिपके असे शिस्तीत नसतात, हे मला माहीत होतं हो, मीच लोकांना शिकवायचो! तरी वाद घातला. शेवटी त्यानं खालची पट्टी थोडी उचलली. पट्टीखाली कागद फिका हवा ना, उजेड लागलेलाच नाही तिथे. तिथेही तितकाच पिवळा. चहात बुडवलं असेल नाहीतर काय.

दुकानदाराला शिव्या घालून झाल्या. पण खरं सांगू का, पोस्टर घेतलं त्या दिवशी भिंग माझ्याच खिशात होतं. दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून काढलं नाही, असं मी बरीच वर्षं सांगत आलोय. बकवास. किंमत कमी वाटत होती आणि मला खात्री करून घ्यायची नव्हती.

बायको म्हणते, चित्र तर तेच आहे ना, मग भिंतीवरून का काढलंस? तिला अजून उत्तर देता आलेलं नाही. तीच बाई, तोच गाल, पण बघवत नाही. म्हणजे ते चित्रासाठी वगैरे खोटंच होतं? तसंही नाही वाटत मला.

पोस्टर माळ्यावर आहे. भाचा प्रेसमध्ये लावायला मागतोय. देतो म्हणालोय त्याला, दोन दिवाळ्या झाल्या.