इमारतीत कोणीही राहत नाही

२०१९ च्या जून महिन्यात, २२ तारखेच्या पहाटे, कंबोडियातल्या सिहानुकविल शहरात बांधकाम चालू असलेली एक सातमजली इमारत कोसळली. मालक चिनी. बांधकामाला परवानगी नव्हती आणि काम थांबवा म्हणून सांगूनही ते थांबलं नव्हतं, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. मृतांचा आकडा शेवटी २८ वर गेला. दिवसा जिथे काम करायचे तिथेच हे कामगार रात्री झोपत होते.

मी तेव्हा राजधानीत, नॉम पेन्हमध्ये, एका सल्लागार कंपनीत स्ट्रक्चरल इंजिनिअर होतो. आमचा टॉवर बीकेके-वन भागात, वकिलाती आणि कॉफीशॉपच्या गर्दीत. पैसा चीनचा, मुख्य कॉन्ट्रॅक्टर चीनचा, मजूर प्रे वेंग आणि स्वाय रिएंगच्या खेड्यांतले. फ्लॅट विकत घेणारेही बहुतेक परदेशी. २०१० च्या कायद्याने परदेशी माणसाला तिथे फ्लॅट घेता येतो, मात्र एका इमारतीतले ७० टक्क्यांपर्यंतच, आणि तळमजला सोडून. जमीन त्याच्या नावावर होत नाही.

दुर्घटनेनंतरच्या सोमवारी सकाळी मालकाच्या ऑफिसातून निरोप आला. तपासणीला सरकारी माणसं कधीही येतील, तेव्हा संध्याकाळपर्यंत इमारत रिकामी करा. सोबत एक छापील पत्र होतं: ‘या इमारतीत कोणीही राहत नाही’. खाली सल्लागाराची सही, म्हणजे माझी.

सही करायची तर आधी बघायला हवं. मी, आमची दुभाषी मुलगी आणि सब-कॉन्ट्रॅक्टरचा मुकादम असे तिघं खालून वर निघालो. तळघरात पाणी साचलेलं, तिथे कोणी नाही. दुसऱ्या मजल्यापासून संसार सुरू झाले. सेंट्रिंगच्या जुन्या प्लायवूडचे आडोसे, खांबाला बांधलेल्या मच्छरदाण्या, साईटच्या तात्पुरत्या वायरवर जोडलेला भाताचा कुकर. एका कोपऱ्यात उदबत्त्या लावलेलं छोटंसं देवघर, शेजारी झोळीत बाळ. मुकादम प्रत्येक मजल्यावर सांगत होता, ‘हे फक्त दुपारी विश्रांतीला येतात.’ दुभाषी मुलगी त्याचं भाषांतर करताना माझ्याकडे बघतही नव्हती.

यात नवल वाटण्यासारखं मला काही नव्हतं. २०१३ मध्ये शिळफाट्याची अर्धवट बांधलेली इमारत पडली, ७४ माणसं गेली, तेव्हा मी ठाण्यातच नोकरीला होतो. तिथेही वर मजले चढत होते आणि खाली माणसं राहत होती. मजुराचा हिशेब दोन्हीकडे तोच. आमच्या साईटवर रोज सात-आठ डॉलर मिळायचे. बाहेर खोली घेतली की महिन्याचे चाळीस डॉलर गेले, वर येण्या-जाण्याचा खर्च. इथे फुकट, आणि उंचावर वारा असल्यामुळे डास कमी.

बाराव्या मजल्यावर एक बाई भाजी चिरत होती. डोक्याला क्रामा, म्हणजे तिथला चौकड्यांचा पंचा, गुंडाळलेला. आम्ही कशाला आलोय ते ऐकल्यावर तिने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, ‘उद्या श्रीमंत लोक इथे राहायला येतील तेव्हा पडणार नाही, मग आमच्यावरच कशी पडेल?’

प्रश्न अगदी रास्त होता. मी तिला छताला लावलेले लोखंडी टेकू दाखवले. वर चौदाव्याचा स्लॅब नुकताच भरला होता. ओलं काँक्रीट स्वतःचं वजन पेलत नाही. ते वजन टेकूंवर येतं, टेकूंतून खालच्या स्लॅबवर, तिथून पुन्हा टेकूंतून त्याच्याही खाली. आणि खालचे हे स्लॅबही कोवळेच असतात, कारण मजला सात-आठ दिवसांत चढवायचा असतो. एखाद्याने चार टेकू लवकर काढून दुसरीकडे नेले, तर खालच्याला ओरडायलाही वेळ मिळत नाही. पूर्ण झालेल्या इमारतीत टेकू नसतात, काँक्रीट पिकलेलं असतं. धोका आत्ताच आहे, आणि नेमका भरणीखालच्या या दोन-तीन मजल्यांवर.

तिने शांतपणे ऐकलं, मुकादमाला काहीतरी खडसावलं आणि चटई गुंडाळायला लागली. दुभाषी मला बोंग, म्हणजे दादा, म्हणायची. ती म्हणाली, ‘बोंग, ती चौथ्या मजल्यावर जातेय. म्हणते, हे आधी कोणी सांगितलं नाही.’ तासाभरात अकरावा आणि बारावा मजला आपोआप रिकामे झाले. कुणाला हाकलावं लागलं नाही. इमारत मात्र रिकामी झाली नव्हती.

दुपारी मीटिंग सेल्स गॅलरीत. एसी गारठवणारा, मध्ये टॉवरचं दिवे लावलेलं मॉडेल, भिंतीवर फ्लॅट घेणाऱ्याला हमखास भाडं मिळेल अशी जाहिरात. मी छापील पत्रावर सही केली नाही. त्याऐवजी कोणत्या मजल्यावर किती कुटुंबं दिसली ते लिहून दिलं, आणि मागच्या मोकळ्या प्लॉटवर पत्र्याच्या खोल्या बांधा असं सुचवलं. मालकाचा प्रतिनिधी सभ्य माणूस होता. त्याने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, तो प्लॉट ग्राहकांच्या गाड्यांसाठी आहे.

वाटाघाटी अंधार पडेपर्यंत चालल्या. शेवटी जवळच्या गल्लीतल्या खोल्यांची एक ओळ भाड्याने घ्यायचं ठरलं. ट्रक आले, पावसात सामान गेलं. त्याच दिवशी सिहानुकविलच्या ढिगाऱ्यातून दोघेजण जिवंत निघाले होते. सामान उचलता उचलता पोरं मोबाईलवर तेच बघत होती.

चिनी पैशावर बोट ठेवून मोकळं होणं सोपं आहे. जानेवारी २०२० मध्ये केप इथे पडलेल्या इमारतीचे मालक कंबोडियाचेच होते, तिथे ३६ माणसं गेली. मधल्या काळात, नोव्हेंबरमध्ये, देशाला नवा बांधकाम कायदाही मिळाला होता.

आमच्याकडे जुलैचा पगार झाला तेव्हा सब-कॉन्ट्रॅक्टरने खोलीचं भाडं मजुरीतून कापल्याचं कळलं. निम्मी कुटुंबं परत आली होती, पण चौथ्या-पाचव्या मजल्यांवर. भाड्याचा मुद्दा मी पुढच्या मीटिंगमध्ये काढला. इतिवृत्तात तो ‘इतर विषय’ या मथळ्याखाली, ग्राहकांच्या पार्किंगनंतर, आला.