वाळवी लागलेल्या नोटा

नाशिकरोडला नोटांचा छापखाना असल्यामुळे खराब नोटा तिथेच बदलून मिळतात, अशी समजूत आमच्या भागात पक्की आहे. दिंडोरी तालुक्यातल्या एक आजी नातवाला घेऊन त्या दिवशी आधी प्रेसच्या फाटकावर गेल्या आणि तिथून कुणी सांगितले म्हणून आमच्या बँकेच्या शाखेत आल्या. पत्र्याच्या पेटीतल्या पाचशेच्या नोटांना वाळवी लागली होती, आणि गावच्या पतसंस्थेने "या नोटा आता गेल्या" एवढेच सांगून त्यांना परत पाठवले होते.

नोटा बदलून न देण्यात पतसंस्थेची चूक नव्हती. ती सहकार कायद्याखाली नोंदलेली असते आणि सभासदांपुरता व्यवहार करते. तिला बँकेचा परवाना नसतो, ठेवींना पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षण नसते, आणि रिझर्व्ह बँकेच्या २००९ च्या नोट परतावा नियमांनुसार नोटेचे मूल्य ठरवण्याचा अधिकारही नसतो. तो आमच्यासारख्या बँक शाखांना आहे. पण ज्याचा अधिकार नाही त्याचा निकाल देऊन एका म्हातारीला रडवणे मला आजही खटकते.

पाचशेच्या नव्या नोटेचे क्षेत्रफळ ९९ चौरस सेंटीमीटर असते. सर्वांत मोठा सलग तुकडा ८० चौरस सेंटीमीटर भरला तर पूर्ण रक्कम मिळते, ४० भरला तर निम्मी, त्याखाली काहीच नाही. एका नोटेचा कोपरा गांधीजींच्या खांद्यापर्यंत कुरतडलेला होता. चौकटी आखलेली पारदर्शक पट्टी ठेवून मी ती दोनदा मोजली, ८१ भरली. आजी श्वास रोखून माझ्या बोटांकडे पाहत होत्या. बऱ्याच नोटांचे पूर्ण पैसे मिळाले, काहींचे निम्मे.

तळाशी ८ नोव्हेंबर २०१६ ला रद्द झालेल्या दोन जुन्या नोटा निघाल्या. त्या आता रिझर्व्ह बँकही घेत नाही, हे सांगताना मला फार जड गेले.

ओल लागून एकमेकींना चिकटलेली एक गड्डी मात्र मी सोडवू दिली नाही. अशा नोटा शाखेत घेता येत नाहीत. त्यांची तपासणी रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसातच, म्हणजे नोटा जारी करणाऱ्या कार्यालयातच होते. गड्डी आहे तशी कागदात गुंडाळून दिली आणि बेलापूरच्या कार्यालयाचा पत्ता नातवाला लिहून दिला. आजी गेल्यावर पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना फोन करून, अशा सभासदांना थेट बँकेत पाठवा, अशी विनंती केली. तशी सूचना फलकावर लावण्याचे त्यांनी मान्य केले.