येऊर चढणारे पाय कर्नाळ्याला लटपटले

दोन वर्षं झाली, मी ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराचा चढ सायकलने चढते. रविवारी पहाटे साडेपाचला वर्तकनगरहून निघायचं, उपवन तलावाशी घोटभर पाणी प्यायचं आणि वन खात्याच्या नाक्यावरून वर. सुरुवातीला तीन ठिकाणी उतरून सायकल ढकलावी लागायची. आता एकदाही पाय टेकत नाही. साहजिकच, आपले पाय आता भक्कम झाले असं मी धरून चालले होते.

गेल्या डिसेंबरात आम्ही कर्नाळ्याचा किल्ला चढायला गेलो. चढताना मी सगळ्यांच्या पुढे. सुळक्याच्या पायथ्याशी बसून डबे खाल्ले आणि उतरायला लागलो, तर पंधरा मिनिटांत माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. दर दगडाला वाटे, आता गुडघा सोडणार. शेवटी भाचीच्या खांद्यावर हात ठेवून खाली आले. पुढचे तीन दिवस ठाणे स्टेशनचा पूल चढताना काही त्रास नाही, उतरताना मात्र कठडा सुटत नव्हता.

जिममधल्या सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "ताई, सायकलवर तुम्ही फक्त ढकलता. अंगाचं वजन रोखता कुठे?"

मुद्दा तोच होता. पॅडल दाबताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. पायरी उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेकसारखा शरीराला धरून ठेवतो. हे दुसरं काम सायकल जवळपास शिकवतच नाही. शिवाय सायकलवर आपलं बरंचसं वजन सीटवर असतं, त्यामुळे हाडांनाही हवा तेवढा भार मिळत नाही. पाळी जायच्या वयात हाडांची झीज वाढते, हे लक्षात घेता माझ्या वयाच्या बायकांनी ही गोष्ट फार मनावर घ्यायला हवी. मी ४७ वर्षांची आहे.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी जिम. आठ किलोचा डंबेल छातीशी उभा धरून स्क्वॉटपासून सुरुवात केली. पहिल्याच दिवशी सरांनी थांबवलं. "खाली पडू नका, खाली जा. तीन मोजत." एक म्हणेपर्यंत कंबर मागे, दोनला मांड्या तापायला लागतात, तीनला नितंब मागच्या बाकाला जेमतेम टेकतात आणि तिथून टाचा रोवून वर. आठ वेळा, तीन सेट. साधं वाटतं, पण तिसऱ्या सेटला घाम हनुवटीवरून डंबेलवर टपकतो. त्यानंतर सहा इंचाच्या ठोकळ्यावरून एका पायाने सावकाश उतरायचं, गुडघा आत वळू न देता. मांडीच्या मागच्या बाजूसाठी रोमानियन डेडलिफ्ट, म्हणजे हातात वजन धरून, पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे वाकायचं आणि पुन्हा उभं राहायचं. सात महिन्यांत डंबेल २० किलोचा झाला आणि ठोकळा १२ इंचांचा. डावा पाय अजून उजव्याच्या मागे आहे, म्हणून प्रत्येक सेट डाव्यानेच सुरू करते.

सायकल सोडलेली नाही, सोडणारही नाही. दमसास तिच्यामुळेच वाढला. जिमच्या दुसऱ्या दिवशी पाय जड असतात, तेव्हा हलक्या गिअरवर अर्धा तास भरभर पॅडल मारलं की मोकळं वाटतं. फक्त येऊरच्या आदल्या दिवशी जड वजन उचलत नाही. आणि हो, सीटची उंची बघा. माझी सीट वर्षभर खाली होती आणि गुडघ्याच्या वाटीपुढे सतत ठणकायचं. नाक्यावरच्या सायकलवाल्या काकांनी टाच पॅडलवर ठेवायला लावली. पॅडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा, माझा चांगलाच वाकलेला होता. त्यांनी सीट दोन बोटं वर घेतली आणि दांड्यावर काळ्या टेपची खूण केली. ती टेप अजून आहे.

सध्या घरी आईलाही हेच शिकवते आहे. ती ७४ वर्षांची. जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची मी भिंतीला टेकवून ठेवते, ती हात छातीशी घेते आणि मी तीन मोजेपर्यंत सावकाश खुर्चीत बसते. पहिल्या आठवड्यात मी दोन म्हणायच्या आतच ती धपकन बसायची. काल सलग पाच वेळा तीनपर्यंत पोचली आणि सहाव्या वेळी मला म्हणाली, "तू मोजू नकोस गं, मी मोजते."