आता हात का ठेवत नाही, असे तुम्ही विचारलेत म्हणून

फोंड्यातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेली काही वर्षे मला एकच प्रश्न विचारला जातो: पूर्वी तुम्ही आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करीत होता, विद्येचे वचन, म्हणजे देवाने आतून कळवलेली एखाद्याची गुप्त गोष्ट, सांगत होता, ते सारे का सोडले? विचारणाऱ्याने उत्तर बहुधा आधीच ठरवलेले असते. एक तर माझा विश्वास थंडावला, नाही तर मंडळी चालवणाऱ्या पाळकांशी बिनसले. यातले काहीही खरे नाही. पाळकांच्या घरी मी परवाच जेवून आलो.

ती पावसाळ्यातल्या एका शनिवारची प्रार्थनासभा होती. पत्र्यांवर पावसाचा इतका मारा चालला होता की पेटीचे सूर मागच्या बाकांपर्यंत पोचत नव्हते, आणि कुंडईच्या कारखान्यांतून पाळी संपवून थेट आलेली माणसे ओल्या कपड्यांनीच बसली होती. आज काहीतरी घडेल, अशी त्यांची अपेक्षा होती, आणि ही सवय त्यांना मीच लावली होती. त्या संध्याकाळी मला आतून काहीही मिळाले नाही. मी डोळे मिटून बराच वेळ उभा राहिलो आणि मग, पूर्ण भानावर असताना, म्हणालो की इथे एक भगिनी आहे, ती घरातल्यांपासून एक गोष्ट लपवून रोज रडते आहे, आणि प्रभू तिला भिऊ नकोस म्हणतो. गोष्ट कोणती, तेही मी बोललो. इथे ती लिहिणार नाही. एकदा चारचौघांत सांगितली तेवढी पुरे. त्या भगिनीने ती तीन दिवसांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरात माझ्या पत्नीला सांगितली होती, आणि पत्नीने मला, प्रार्थनेत आठवण ठेवावी म्हणून.

भगिनीने माझ्याकडे पाहिलेच नाही. तिने मान वळवून माझ्या पत्नीकडे पाहिले. पुरुषांच्या बाजूला बसलेल्या तिच्या नवऱ्याने ते पाहिले, आणि त्याला काय समजायचे ते समजले.

घरी आल्यावर पत्नी एवढेच म्हणाली, “मी विश्वासाने सांगितलं, आणि तुम्ही ते देवाच्या तोंडी घातलंत.” तिला धीरच मिळाला ना, असे मी म्हणालो. पत्नी भांडी घासायला निघून गेली. ते कुटुंब पुढच्या रविवारपासून आले नाही, तरी हाच युक्तिवाद मी जवळजवळ वर्षभर स्वतःला ऐकवत होतो. आधीची सगळी वचने खोटी होती, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. ती मी कोणाकडून ऐकलेली नव्हती.

खरा घोळ पुढेच आहे. त्याच सभेत, ते खोटे बोलून झाल्यावर, एका वृद्ध बंधूंच्या खांद्यावर मी हात ठेवला आणि कित्येक महिने वर न जाणारा त्यांचा हात वर गेला. तो आजही जातो. तेव्हाचा मी याला देवाची मोहर समजलो. कृपादाने, म्हणजे देवाने दिलेली अशी सामर्थ्ये, आणि पाचारण, म्हणजे त्याचे बोलावणे, देव परत घेत नाही, हे बायबलातल्या रोमकरांस पत्रातले वचन मी पत्नीला ऐकवले. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे इस्राएल लोकांविषयी बोलतो आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होते. पौलाने पत्रे लिहिलेली करिंथची मंडळी कोणत्याही कृपादानात उणी नव्हती, आणि त्याच मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी एक उपाशी राही आणि दुसरा पिऊन मस्त होई, हेही ठाऊक होते. करिंथकरांस पहिल्या पत्रात प्रीतीचा 13 वा अध्याय दानांच्या 12 व्या आणि 14 व्या अध्यायांमध्ये येतो. मी तो लग्नांत वाचण्यासाठी राखून ठेवला होता.

आमचे शेजारी कॅथलिक आहेत. श्रीलंकेत धर्मकार्य केलेले बाणावलीचे धर्मगुरू जोसेफ वाझ 2015 मध्ये संत घोषित झाले, तेव्हा मी शेजाऱ्यांना तिथल्या कँडीतल्या 1696 च्या दुष्काळाविषयी आणि वाझ यांच्या प्रार्थनेने पडलेल्या म्हणतात त्या पावसाविषयी विचारले. ते बोलत राहिले पुढच्या वर्षीच्या देवीच्या साथीविषयी, घरच्यांनी टाकलेल्या रोग्यांना वाझ धूत आणि भरवत होते त्याविषयी. शिवाय त्यांनी सांगितले की चर्च आधी माणसाचे सद्गुण तपासते, चमत्काराची चौकशी नंतर. आमच्यात असली चौकशी नसते, असे मी जरा ताठ्याने म्हणालो. खरे तर बायबलातल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 3 ऱ्या अध्यायात मंडळीच्या अध्यक्षाची सगळी तपासणी आहे, आणि शिकवण्याची निपुणता सोडली तर तीत बहुतेक सगळे स्वभावाविषयी आणि घराविषयीच आहे. माझ्या बाबतीत कोणी माझ्या पत्नीला काहीही विचारले नव्हते.

मग दान वापरायला माणूस आधी निर्दोष हवा का? तसे असते तर त्या वृद्धांचा हात अजून खालीच असता, आणि मी थांबलो म्हणून कोणाचा तरी हात आज खाली राहिला असेल, हा विचार मला रात्री छळतो. पत्नीला विचारले तर ती म्हणते, तुम्हाला पुन्हा उभं राहायचं आहे म्हणून हे सुचतं. तीही कदाचित बरोबर असेल.

त्या भगिनीची क्षमा मी मागितली आहे. तिच्या नवऱ्याची अजून नाही. मंडळीत आजही कोणीतरी त्या शनिवारच्या वचनाची साक्ष देते, बाकीचे आमेन म्हणतात, आणि मी पत्नीच्या बाजूला न पाहता बसून राहतो.