झाली एकदाची सलाईनची सोनोग्राफी
काल रात्रभर उगाच घाबरले होते. गर्भाशयात सलाईन सोडणार म्हटल्यावर डोळ्यांपुढे ती स्टँडवरची बाटलीच आली! प्रत्यक्षात सिरिंजमधलं दोन-तीन चमचे पाणी. पाळी संपल्यावर लगेच, म्हणजे पाळी सुरू झाल्यापासून साधारण दहाव्या दिवसाच्या आत बोलावतात. बारीक मऊ नळी आत जाताना चिमटा बसल्यासारखं झालं, पाणी सोडल्यावर पाळीत येते तशी कळ आली आणि थोड्या वेळात ओसरली. स्क्रीनवर मात्र बघतच राहिले. काळ्याभोर पाण्यात गर्भाशयाच्या अस्तराला लोंबकळणारा करडा, इवलासा पॉलिप, म्हणजे अस्तराचीच वाढलेली छोटी गाठ! आधीच्या साध्या सोनोग्राफीत नुसतं 'अस्तर जाड' एवढंच आलं होतं. उठल्यावर ते पाणी गळतं, थोडं लालसरही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बायांनो, पर्समध्ये पॅड ठेवा.